लॅपटॉप घेऊन चक्कर मारणारा माणूस आणि मागे पडलेलं मेट्रिक

एका ऑफिसचा एक मजला, त्यावर २३ कॉम्प्युटर, काही केबिनमधे, काही मीटिंग रूममधे, काही लॅबमधे. प्रत्येकाला ८०२.११ए चं (म्हणजे वायफायच्या एका जुन्या प्रकाराचं) वायरलेस कार्ड. मधे अॅक्सेस पॉइंट वगैरे काही नाही, त्यामुळे लांबच्या मशीनला काही पाठवायचं असेल तर ते मधल्या मशीनच्या हातून, एकाकडून दुसऱ्याकडे असं करत जाणार. भिंती जमिनीपासून पार छतापर्यंत आणि दारं भरीव लाकडाची, म्हणजे सिग्नलची पंचाईत व्हायला भरपूर वाव. आणि या सगळ्याच्या कडेकडेने, मजल्याच्या बाहेरच्या बाजूने, एक माणूस हातात लॅपटॉप धरून हळूहळू एका चालीत चक्कर मारतोय, लॅपटॉपवरून मधल्या एका मशीनकडे एकामागून एक टीसीपी ट्रान्स्फर (टीसीपी म्हणजे हरवलेला डेटा परत पाठवणारी इंटरनेटची नेहमीची पद्धत) चालू आहेत. बस, एवढंच प्रकरण आहे, पण अॅड हॉक नेटवर्कमधे (म्हणजे असं, मशीननी आपापसात जोडलेलं नेटवर्क) क्यूओएसचं (क्वालिटी ऑफ सर्व्हिसचं, म्हणजे वेग आणि उशीर यांच्या हमीचं) घोडं कुठे अडतं हे मला या एका चकरेतून जेवढं कळलं तेवढं जाडजूड सर्व्हे पेपर वाचून कळलं नव्हतं.

हा प्रयोग मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा, सिगकॉम या नेटवर्किंगच्या परिषदेत २००४ मधे छापलेला, रिचर्ड ड्रेव्ज, जितेंद्र पाध्ये आणि ब्रायन झिल या तिघांचा. (पाध्ये हे आडनाव बघून मी एक सेकंद थांबलो, तुम्हीही थांबला असाल.) गंमत म्हणजे पेपरच्या नावातच स्थिर नेटवर्क असं लिहिलंय, चालणाऱ्या लॅपटॉपचा भाग त्यात थोडासाच आहे, बहुतेक लोक तो वरवर वाचून पुढे जातात. मी मुद्दाम तिथेच थांबणार आहे, पण आधी मागचं थोडं सांगावं लागेल.

जुना सरळ नियम असा, कमीत कमी हॉपचा (हॉप म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर एक उडी) रस्ता निवडा. तारेच्या नेटवर्कमधे हे ठीक आहे कारण तार एक तर जोडलेली असते नाही तर तुटलेली असते. वायरलेसमधे तसं नाही, मधल्या अवस्थेतल्या लिंक ढीगभर असतात, डेटाची दहातली पाच पॅकेट (म्हणजे तुकडे) पोचतात, पाच गळतात. आणि कमी हॉप पाहिजेत म्हटलं की राउटिंग (मार्ग निवडणारं सॉफ्टवेअर) लांबात लांब उडी शोधतं, आणि लांबात लांब उडी म्हणजे नेमकी तीच, जेमतेम ऐकू येणारी लिंक. म्हणजे हा नियम चुकून वाईट लिंक निवडतो असं नाही, तो वाईट लिंक हुडकूनच काढतो.

यावर एमआयटीच्या डी कूटो, अग्वायो, बिकेट आणि मॉरिस यांनी मोबीकॉम परिषदेत २००३ मधे ईटीएक्स (एक्स्पेक्टेड ट्रान्समिशन काउंट) आणलं. कल्पना अगदी साधी, एक पॅकेट पलीकडे पोचवून त्याची पोचपावती परत यायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल ते मोजा. प्रत्येक नोड (म्हणजे नेटवर्कमधलं एक मशीन) दर सेकंदाला एक छोटं प्रोब, म्हणजे चाचणीचं, पॅकेट हवेत सोडतो, शेजारी गेल्या १० सेकंदांत त्यातले किती ऐकले ते मोजतो आणि एकमेकांना कळवतो. जाताना पोचण्याचं प्रमाण गुणिले येताना पोचण्याचं प्रमाण, आणि त्याचा व्यस्तांक. दोन्हीकडे ९० टक्के पोचत असतील तर ०.८१, त्याचा व्यस्तांक १.२३. दोन्हीकडे ५० टक्के तर ४. मार्गातल्या सगळ्या लिंकचे आकडे मिळवायचे आणि सगळ्यात कमी बेरीज येईल तो मार्ग घ्यायचा. इतकं साधं की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं.

मायक्रोसॉफ्टवाल्यांनी काय केलं तर डीएसआर या अॅड हॉक राउटिंगच्या पद्धतीमधे फेरफार करून एलक्यूएसआर नावाचं राउटिंग बनवलं आणि त्यात चार मेट्रिक (मार्ग किती चांगला ते ठरवण्याची मापं) आळीपाळीने घालून बघितली: साधी हॉप मोजणी, ईटीएक्स, प्रत्येक हॉपचा राउंड ट्रिप टाइम (आरटीटी), आणि पॅकेट पेअर. यातल्या आरटीटीची कहाणी मजेशीर आहे. वरवर बघता क्यूओएससाठी याहून चांगलं मेट्रिक कुठलं, डिले कमी पाहिजे ना, मग डिलेच मोजा! दर अर्ध्या सेकंदाला शेजाऱ्याला प्रोब पाठवायचा, तो लगेच उत्तर देणार, जाऊन यायला किती वेळ लागला ते टिपायचं. झालं असं की मार्गावरून डेटा वाहायला लागला की त्याच नोडच्या क्यूमधे (रांगेत) पॅकेट साठणार, त्या गर्दीत प्रोबही अडकणार, म्हणून लिंक वाईट दिसणार, म्हणून राउटिंग मार्ग बदलणार, की लगेच दुसऱ्या मार्गावर तेच. एका ट्रान्स्फरमधे मार्ग पुन्हा पुन्हा बदलायचा आणि टीसीपीची वाट लागायची. स्वतःच रस्त्यावर गाडी घातली आणि मग म्हणे केवढी ट्रॅफिक आहे बघा, अशातला प्रकार. चौघांत आरटीटी सगळ्यात मागे राहिलं. आणि हे काही पहिल्यांदा होत नव्हतं, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटने १९७९ मधे मोजलेल्या डिलेवर राउटिंग सुरू केलं होतं, तिथेही लोड वाढला की मार्ग असेच झोके खायचे आणि शेवटी १९८० च्या दशकात मेट्रिकच बदलावं लागलं. म्हणजे २५ वर्षांनी तोच खड्डा. अर्थात यांनी तो जाणूनबुजून मोजला, पडले नाहीत, हे मान्य.

पॅकेट पेअरमधे एकापाठोपाठ दोन पॅकेट सोडतात, आधी छोटं मग मोठं, आणि समोरचा दोघांमधलं अंतर मोजतो, त्यामुळे आपल्या क्यूचा परिणाम निघून जातो कारण दोन्ही पॅकेट सारखीच थांबतात. आरटीटीपेक्षा बरं पण शेजाऱ्यांच्या बडबडीचा त्रास राहतोच.

जागेवर बसलेल्या २३ मशीनमधे ईटीएक्स जिंकलं, मधल्या आकड्याने बघितलं तर हॉप मोजणीपेक्षा साधारण पाव पट जास्त वेग मिळाला. इथपर्यंत सगळं शहाण्यासुरत्या अपेक्षेप्रमाणे.

आता ती चक्कर. लॅपटॉप हातात घेऊन माणूस चालायला लागला आणि निकाल उलटा झाला! काहीही न मोजणारी, लिंक आहे की नाही एवढंच बघणारी हॉप मोजणी सगळ्यांच्या पुढे गेली, ईटीएक्स तिच्या मागे राहिलं. कारण त्यांनीच दिलंय, चालणाऱ्याच्या आजूबाजूच्या लिंक ज्या वेगाने बदलतात त्या वेगाने ईटीएक्सला बदल टिपता येत नाही.

हे वाक्य वाचून मान डोलावणं सोपं आहे, पण मला आकडे मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. खालचा हिशोब माझा, निव्वळ फॉर्म्युल्याचा, खऱ्या सॉफ्टवेअरमधे तुटलेल्या लिंकला वेगळा दंड वगैरे लावतात ते यात धरलेलं नाही.

समजा माणूस सेकंदाला एक मीटर चालतोय. एका केबिनमधल्या मशीनशी त्याची मस्त लिंक आहे, दहापैकी दहा प्रोब दोन्हीकडे, ईटीएक्स १. तो कोपऱ्यावर वळतो, मधे भिंत येते, लिंक मेली. पण ईटीएक्स बघतंय गेल्या १० सेकंदांकडे. तीन सेकंद झाले तरी त्याच्या वहीत दहापैकी सात प्रोब जमा आहेत, ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९, व्यस्तांक २.०४. दुसरा मार्ग आहे, दोन हॉपचा, दोन्ही लिंक ९० टक्केवाल्या, बेरीज २.४७. आता बघा, मेलेल्या लिंकचा आकडा २.०४ आणि जिवंत मार्गाचा २.४७, म्हणजे ईटीएक्स अजून मेलेल्याच्याच बाजूने! चौथ्या सेकंदाला ०.३६, व्यस्तांक २.७८, तेव्हा कुठे ते मार्ग बदलणार. चार सेकंद, चार मीटर.

दुसरी बाजू त्याहून वाईट. वळल्यावर समोरच्या खोलीतलं मशीन एकदम छान ऐकू यायला लागलं. पण वहीत त्याच्या नावावर काहीच नाही. एक सेकंदानंतर दहापैकी एक, ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ईटीएक्स १००. पाच सेकंदांनी ४. सातव्या सेकंदाला २.०४. म्हणजे समोर उघडा दरवाजा असताना हा बाबा सात सेकंद चालून गेल्यावर म्हणणार की हां, इथून जाता येईल. तोपर्यंत माणूस पुढच्या भिंतीआड! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि हॉप मोजणी काय करते, शेजारी ऐकू आला की त्याला एक हॉप म्हणून लगेच वापरायला घेते, पॅकेट पोचलं नाही की लिंक गेली म्हणून लगेच दुसरीकडे वळते. अक्कल कमी पण उशीर नाही.

मग मोजायची खिडकीच छोटी करा ना, १० ऐवजी ३ सेकंदांची? करता येते, पण तीन प्रोबमधून कळणार काय, शून्य, एक तृतीयांश, दोन तृतीयांश किंवा एक, एवढ्या चारच किमती. नशिबाने एखादं प्रोब गळलं की चांगली लिंकही एकदम रद्दी दिसणार आणि मार्ग उगाच इकडून तिकडे उड्या मारणार. बरं मग प्रोबच जास्त सोडा, सेकंदाला दहा. पण प्रोब फुकट नसतात. समजा जुनं ८०२.११बी आहे आणि प्रोब १३४ बाईटचं, ब्रॉडकास्ट (एकाच वेळी सगळ्यांना) असल्यामुळे ते सगळ्यात कमी वेगाने, १ एमबीपीएसने जातंय. १०७२ बिट म्हणजे १०७२ मायक्रोसेकंद, वर पॅकेटच्या आधी जाणाऱ्या खुणांचे (प्रिअॅम्बल आणि हेडर) १९२, झाले १२६४. सगळ्या २३ नोडना एकमेकांचं ऐकू येतं असं धरलं तर सेकंदाला एकेक प्रोबमधे हवेतला साधारण ३ टक्के वेळ जातो, चालून जाईल. दहादहा प्रोब केले की २९ टक्के! रस्त्याची अवस्था तपासायला जी गाडी फिरते तिनेच अर्ध्या आण्याच्या जागी साडेचार आणे रस्ता अडवला. (प्रयोगातलं ८०२.११ए कमीत कमी ६ एमबीपीएसला चालतं म्हणून तिथे हा भार बराच कमी, ५ टक्क्यांच्या आसपास, पण नोड वाढवत नेले की तोही वाढतोच.)

आता यात क्यूओएस कुठे आलं? त्या लॅपटॉपवर फाईल पाठवण्याऐवजी व्हॉइस कॉल चालू आहे असं धरा. जी.७११ कोडेक (आवाजाचा डेटा करण्याची पद्धत), दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०, आयपी, यूडीपी, आरटीपीची हेडर धरून ८० केबीपीएस. एकीकडून दुसरीकडे डिले १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेची शिफारस आहे. नेटवर्कच्या मानाने ८० केबीपीएस म्हणजे काहीच नाही, त्याला सहज झेपतं. पण ईटीएक्सचे ते चार सेकंद म्हणजे २०० पॅकेट गायब. इथे बँडविड्थची टंचाई नाहीच, माहिती शिळी असण्याचा प्रश्न आहे. फाईल असती तर टीसीपीने थोडं थांबून परत पाठवलं असतं, कॉलमधे परत पाठवून उपयोग काय.

क्यूओएस राउटिंगचे प्रोटोकॉल याच ठिकाणी मला जरा हवेतले वाटतात. पर्किन्स आणि बेल्डिंग-रॉयर यांनी एओडीव्ही या राउटिंगच्या पद्धतीला क्यूओएसची जोड सुचवली होती, मार्ग शोधणाऱ्या पॅकेटमधेच लिहायचं की जास्तीत जास्त इतका डिले चालेल, कमीत कमी इतकी बँडविड्थ पाहिजे, ज्या नोडला जमत नसेल त्याने ते पॅकेट पुढे ढकलायचंच नाही. आणि नंतर वचन पाळता येईनासं झालं तर क्यूओएस गेलं असा निरोप पाठवायचा. कागदावर झकास. चेन आणि नाहर्स्टेड यांची १९९९ ची तिकिटांची युक्ती तर मला मनापासून आवडते, मार्ग शोधणाऱ्या पॅकेटचा सगळीकडे पूर आणण्यापेक्षा मोजकी तिकिटं द्यायची, जितकी तिकिटं तितक्याच वाटा तपासायच्या, अट कडक असेल तर तिकिटं जास्त. पण दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे, की मधल्या नोडला आपली लिंक आत्ता कशी आहे ते माहीत आहे. आणि त्या मजल्यावरच्या चकरेने दाखवलं की चालणाऱ्याच्या बाबतीत नेमकं तेच माहीत नसतं, जे माहीत असतं ते काही सेकंदांपूर्वीचं.

बँडविड्थ राखून ठेवण्याचं तर बोलायलाच नको, तारेत लिंक ज्याची त्याची असते, हवेत ती शेजाऱ्यासोबत सामाईक. एमआयटीच्याच मंडळींनी २००१ मधे दाखवलं होतं, नोडची एक सरळ रांग, सगळी पॅकेट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, तर आदर्श परिस्थितीत एका हॉपच्या क्षमतेच्या पाव भाग मिळायला हवा कारण एक बोलताना पुढच्या मागच्यांना गप्प बसावं लागतं, पण सिम्युलेशनमधे ८०२.११ ला जेमतेम सातवा भाग जमला. हे आपल्याच पॅकेटनी आपल्याच पॅकेटना अडवणं झालं, बाहेरचा कुणी नसताना. मग मधला नोड कशाच्या जोरावर म्हणणार की हो, माझ्याकडे ८० केबीपीएस आहेत, घ्या तुम्हाला!

इथे एक रडगाणं गाऊन घेतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला या विषयावर एनएस-२ मधे (नेटवर्कचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) केलेले किती प्रोजेक्ट आहेत याची गणती नाही, माझाही त्यातलाच. ५० नोड, १५०० बाय ३०० मीटरचं मैदान, ९०० सेकंद, हा साचा १९९८ च्या एका गाजलेल्या तुलनेतून आला आणि सगळ्यांनी उचलला. त्या मैदानात भिंत नाही, दार नाही, कोपरा नाही. २५० मीटरच्या आत शंभर टक्के ऐकू येतं, बाहेर पडलं की शून्य. आता सांगा, जिथे अर्धवट लिंक अस्तित्वातच नाही तिथे ईटीएक्स मोजणार काय आणि हॉप मोजणी हरणार कशाला? वर नोड हलवायला रँडम वेपॉइंट (कुठलीही जागा निवडायची, तिथे जायचं, परत दुसरी निवडायची), ज्यात कमीत कमी वेग शून्य ठेवला तर वेळ जाईल तसा सरासरी वेग घसरत जातो, हे २००३ मधे दाखवून झालंय, तरी किती वर्षं तोच वापर चालू होता. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, तुझे नोड चालतात की पळतात? मी म्हटलं सर सेकंदाला वीस मीटर. ते म्हणाले म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, हातात लॅपटॉप घेऊन? मी गप्प. मार्क बरे दिले होते त्यांनी.

मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगालाही मर्यादा आहेतच. एक इमारत, एक मजला, चालणारा एकच, बाकीचे २३ ढिम्म जागेवर. सगळेच हलायला लागले तर हॉप मोजणी अशीच जिंकेल असं त्यातून निघत नाही. आणि मोजला तो टीसीपीचा वेग, आवाजाचा दर्जा नाही. पण मला तीच त्याची ताकद वाटते, नुसता एकच नोड हलवला तरी शहाणं मेट्रिक मागे पडतं, मग सगळे हलल्यावरची गोष्ट सोडूनच द्या.

मी हा लॅपटॉपचा कॉल वाचवायला बसलो तर मेट्रिक एकच ठेवणार नाही. जागेवरच्या २३ मधे आपापसात ईटीएक्सच राहू दे, तिथे ते चांगलं आहे. लॅपटॉपच्या पहिल्या हॉपपुरता नियम वेगळा. कॉल चालू असताना सेकंदाला ५० पॅकेट जातातच आहेत, प्रत्येकाची पोचपावती कार्डाला मिळते किंवा मिळत नाही, म्हणजे चालू लिंकची खबर प्रोबच्या पन्नासपट वेगाने फुकटात येते. ओळीने पाच पॅकेट गेली नाहीत की लिंक मेली समजायचं, १०० मिलिसेकंदांत निकाल. अडचण पुढे आहे, जी लिंक वापरतोय तिची खबर फुकट, जी वापरत नाही तिची नाही, आणि उडी तर त्या दुसरीवरच मारायची आहे. म्हणून दुसरा शेजारी आधीच हेरून ठेवायचा, आणि त्याची परीक्षा म्हणून अधूनमधून कॉलचं एखादं पॅकेट त्याच्यामार्फत पाठवून बघायचं. त्यात काही पॅकेट गळतील, पण २०० पेक्षा ती परवडली. हेरायचा कुणाला हा प्रश्न मात्र मी सोडवलेला नाही, सिग्नल वाढतोय का कमी होतोय यावरून अंदाज बांधता येईल पण भरीव लाकडाच्या दारापुढे सिग्नल हळूहळू कमी होत नाही, तो एकदम बंद होतो.

खऱ्या कॉलवरचा माणूस अशा वेळी काय करतो ते आपण रोज बघतो. आवाज तुटला की हॅलो हॅलो करत थांबतो आणि आपसूक दोन पावलं मागे येतो, जिथे मघाशी ऐकू येत होतं तिथे. नव्या मार्गाची वाट न बघता जुनी लिंकच परत जिवंत करतो. त्या मजल्यावर चक्कर मारणाऱ्याला मात्र ही मुभा नव्हती, त्याला एका चालीत पुढेच जायचं होतं.